रेसिंग बाईकचं इंजिन ऑइलअभावी गेलंय, हे ओळखायचं कसं?

ॲप क्रॅश झालं की स्क्रीनवर दिसणारी एरर बहुतेक वेळा शेवटची कडी असते. खरं कारण लॉगमध्ये बरंच मागे सापडतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हे रोजच बघतो. छोट्या रेसिंग बाईकचं इंजिन सीझ होतं तेव्हाही असंच असतं. जळालेला पार्ट लगेच दिसतो, पण ऑइल तिथे का पोचलं नाही, हे शोधावं लागतं.

माझ्या एका मित्राच्या 150 सीसी ट्रॅक बाईकला नवीन हेड आणि कॅम टाकला. दुसऱ्याच प्रॅक्टिसला पुन्हा तोच खडखडाट! परत खोलल्यावर हेडकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेत सुकलेल्या सीलंटचा तुकडा निघाला. खर्च दुप्पट झालाच, पण प्रश्न फक्त पैशांचा नाही. वेगात इंजिन जाम झालं तर मागचं चाक लॉक होऊन रायडर पडू शकतो.

ऑइल थांबलं की काय होतं?

12,000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 200 वेळा फिरतो. फिरणारे भाग ऑइलच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावर तरंगत असतात. हा थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि उष्णता झपाट्याने वाढते. टेम्परेचर मीटर बहुधा कूलंटचं तापमान दाखवतो, त्यामुळे तो वेळेत सांगेलच असं नाही.

ऑइल का थांबतं?

पातळी कमी असणं, वाट तुंबणं, पंप झिजणं, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकणं, ही नेहमीची कारणं. बाईकमध्ये बहुधा क्लचही त्याच ऑइलमध्ये असतो, त्यामुळे क्लच प्लेटचा भुसा जाळीत अडकतो. अनेकांना वाटतं, वळणावर बाईक झुकली की ऑइल एका बाजूला जातं. खरं तर कारसारखं तसं होत नाही, कारण बाईक झुकते तेव्हा एकूण जोर साधारण तिच्या खालच्या दिशेनेच लागतो. जास्त धोका जोरदार ब्रेकिंग आणि व्हीलीमध्ये असतो. ऑइल पुढे-मागे सरकतं आणि पंप हवा ओढतो.

तपासणी कुठून सुरू करायची?

1. इंजिन खोलण्याआधी ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून मोजा. कमी निघालं तर गळती किंवा जळणं तपासा.
2. ट्रेमध्ये चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड किंवा स्टील, न चिकटणारे चंदेरी कण बहुधा ॲल्युमिनियमचे. फिल्टर कापून, कागद उलगडून बघा.
3. कॅम बघा. अनेक हेडमध्ये तो थेट ॲल्युमिनियमवर फिरतो. हेड पंपापासून लांब असल्यामुळे ऑइल कमी पडल्याची खूण तिथे लवकर दिसते.
4. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवा. त्या दिशेने हात लागेल इतका प्ले असेल, तर बेअरिंग गेलं. बाजूला थोडा प्ले असणं मात्र नॉर्मल आहे.
5. रंग बघा. स्टील निळं पडलंय म्हणजे तिथे तापमान साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं होतं.

खुणा जोडून वाचा

फक्त कॅम खराब, खाली सगळं ठीक: हेडकडे जाणारी वाट तुंबली असावी. कॅम, क्रँक आणि पिस्टन तिन्हीकडे घासल्याच्या खुणा: पंप, जाळी किंवा ऑइलची पातळी बघा. बेअरिंगवर बारीक रेघा आणि रुतलेले कण, पण रंग बदललेला नाही: ऑइल पोचत होतं, पण त्यात कचरा होता.

खोलताना प्रत्येक पायरीला मोबाईलने क्लोज-अप फोटो काढा, धुण्याआधीच. एकदा पार्ट रॉकेलमध्ये बुडवला की अर्धा पुरावा वाहून जातो. नंतर प्रत्येक ऑइलच्या वाटेत हवा मारून ती दुसऱ्या टोकाला बाहेर येतेय का, ते बघा.

आणि मिस्त्रींना एकच प्रश्न विचारा: "दादा, ऑइल नेमकं कुठे अडलं होतं?" उत्तर मिळेपर्यंत नवीन पार्टची ऑर्डर देऊ नका.