शनीची प्रतियुती आणि आपली साडेसाती

शनी म्हटला की आपल्याकडे माणूस आधी तेलाची वाटी शोधतो. कामगारांत वावरताना आम्ही हे जवळून पाहतो; शांतीसाठी पगारावर उचल घेणारे थोडे नाहीत. म्हणून आधी हिशेब. शनीस सूर्याभोवती फिरण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. ती बारा राशींत वाटली तर दर राशीस अडीच येतात, आणि तीन राशींची मिळून साडेसात. म्हणजे केव्हाही बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. हजार माणसांच्या कारखान्यात अदमासे अडीचशे पीडित! एवढ्यांना एकदम छळायचे तर ग्रहालाही तीन पाळ्या कराव्या लागतील.

शनी आणि सूर्य यांच्या मधे पृथ्वी आली की प्रतियुती होते. ती सुमारे ३७८ दिवसांनी पुन्हा येते. २०२५ ची २१ सप्टेंबरची, २०२६ ची ४ ऑक्टोबरची. त्या दिवशी शनी सूर्यास्ताला उगवतो आणि मध्यरात्री, बारामतीत रात्रीची पाळी सुटून माणसे घरी पोचतात त्या सुमारास, माथ्यावर किंचित दक्षिणेस असतो. पिवळसर, न लुकलुकणारा. कडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लहान दुर्बिणीतून तीसपट मोठे केले की दिसते. १६१० साली गॅलिलिओला दोन्ही बाजूंस गोळे चिकटल्यासारखे वाटले. ते कडे आहे, हे हायगेन्सने १६५९ मध्ये छापून सांगितले.

प्रतियुतीच्या आसपास काही दिवस हे कडे एरवीपेक्षा उजळ दिसते. रस्त्याकडेला खडीचा ढीग आहे आणि सूर्य आपल्या पाठीशी आहे, असे समजा. प्रत्येक खड्याची सावली त्याच्याच मागे लपते आणि ढीग लख्ख दिसतो. कडेही बर्फाच्या असंख्य खड्यांचेच आहे. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्याच्या पातळीतून गेली, म्हणून त्या वर्षी ते सुरीच्या धारेसारखे बारीक होते. पुढे ते वर्षागणिक उघडत जाते.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाशाची गोडी लावीत आली आहे. आपली अडचण ढगांची. मुलूख पर्जन्यछायेचा, पण सप्टेंबर हाच आपला खरा पावसाचा महिना. तेव्हा तारखेचा हट्ट नको. डिसेंबरातही शनी संध्याकाळी चांगला दिसतो. इंदापूर तालुक्यात भिगवणच्या बाजूस, उजनीच्या फुगवट्यापासून थोडे दूर माळावर बसावे. अगदी काठाशी भिंगावर दव धरते. जवळच ताऱ्यासारखा दिसणारा टायटन हा शनीचा उपग्रह कागदावर रोज मांडावा. सोळा दिवसांत त्याची फेरी पुरी होते.