एआयचं ‘टेम्परेचर’ म्हणजे काय? बीएस्सीच्या तीन गणितांतून समजून घ्या

बीएस्सी फिजिक्सला असाल तर ‘स्टॅट मेक’ म्हणजेच सांख्यिकीय यामिकी हा विषय तुम्हाला भेटलाच असेल, किंवा लवकरच भेटेल. मी परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याचा. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं आमचं गाव. इथल्या कॉलेजच्या मुलामुलींना मी या विषयाची गणितं सोडवायला मदत करतो. हल्ली एक गोष्ट सारखी दिसते: गणिताचा फोटो काढायचा, एआय चॅटबॉटला टाकायचा आणि आलेलं उत्तर वहीत उतरवायचं.

गंमत अशी की, तो चॅटबॉट पुढचा शब्द ज्या सूत्राने निवडतो, ते सूत्र तुमच्या त्याच पेपरात आहे. ते एकदा नीट कळलं की गणितं सुटतातच, शिवाय एआयच्या उत्तरावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हेही कळतं. चला तर, फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. बऱ्याच फोनमध्ये तो आडवा धरला की ‘ई’च्या घाताचं बटण दिसतं.

गणित १: शंभर नाणी

आधी ४ नाणी उडवू. प्रत्येकाचा छापा किंवा काटा, म्हणजे एकूण २×२×२×२ = १६ प्रकार. या प्रत्येक प्रकाराला म्हणतात मायक्रोस्टेट. ‘छापे किती पडले’ एवढंच पाहिलं, तर ती झाली मॅक्रोस्टेट. चारही छापे पडण्याचा प्रकार एकच. पण दोन छापे, दोन काटे पडण्याचे प्रकार ६. म्हणून निम्मे-निम्मे जास्त वेळा दिसतात. नाण्यांना कोणी शिस्त लावलेली नाही, तिथे प्रकारच जास्त आहेत.

आता १०० नाणी घ्या. सगळे छापे पडण्याची शक्यता १ भागिले २ चा १०० वा घात, म्हणजे साधारण १ वर ३० शून्यं एवढ्या वेळांत एकदा. उलट ४० ते ६० छापे पडण्याची शक्यता तब्बल ९६ टक्के! खोलीतली सगळी हवा एका कोपऱ्यात का जमा होत नाही, याचं उत्तर हेच. तिला कोणी अडवलेलं नाही, पण तसं होण्याचे प्रकार नगण्य आहेत.

लुडविग बोल्ट्झमन (१८४४–१९०६) या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एन्ट्रॉपीचा संबंध याच मोजणीशी जोडला. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर ते सूत्र कोरलेलं आहे.

गणित २: चुडाव्याचा जानेवारी आणि मे

नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. पण समजा दोन अवस्थांची ऊर्जा वेगळी आहे. खालची शून्य आणि वरची ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. मग कण कुठे जास्त सापडतील? त्यासाठी बोल्ट्झमन घटक वापरायचा:

घटक = ई चा घात [वजा (ऊर्जा ÷ केटी)]

यात ‘के’ हा बोल्ट्झमन स्थिरांक आणि ‘टी’ म्हणजे केल्विनमधलं तापमान. सेल्सियसमध्ये २७३ मिळवले की केल्विन. इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये ‘के’ची किंमत ०.००००८६१७.

थंडीत पहाटे १० अंश धरू, म्हणजे २८३ केल्विन. केटी येतो ०.०२४४. वरच्या अवस्थेचा घटक ०.१२९ आणि खालच्या अवस्थेचा १ (कारण कुठल्याही संख्येचा शून्यावा घात १). दोन्हींची बेरीज १.१२९. हिलाच पार्टिशन फंक्शन म्हणतात. नाव मोठं, पण आहे साधी बेरीज! ०.१२९ ला १.१२९ ने भागलं की वरच्या अवस्थेत सुमारे ११.४ टक्के कण. मे महिन्यात दुपारी ४३ अंश, म्हणजे ३१६ केल्विन घेतले की हेच उत्तर १३.८ टक्के येतं.

तुम्ही म्हणाल, एवढाच फरक? मग आता ऊर्जा दहापट करा, ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. वरच्या अवस्थेतले कण दोन्ही ऋतूंत अगदीच कमी असतात, पण मे महिन्यात ते जानेवारीच्या साडेआठ पट होतात! तापमान केल्विनमध्ये जेमतेम १२ टक्के वाढलं आणि दुर्मीळ गोष्ट साडेआठ पट वाढली. घाताची ताकद ती हीच. माठातलं पाणी न उकळताही उडून जातं, ते अशाच मोजक्या जास्त ऊर्जेच्या रेणूंमुळे. आणि ते गेले की मागे राहिलेलं पाणी गार होतं. उन्हात ठेवलेल्या फोनची बॅटरी लवकर म्हातारी होण्यामागेही हेच कारण आहे. आतल्या नको असलेल्या रासायनिक क्रिया उष्णतेने झपाट्याने वाढतात.

गणित ३: पुढचा शब्द कोणता?

आता एआयकडे येऊ. भाषेचं मॉडेल पुढच्या प्रत्येक संभाव्य शब्दाला एक गुण देतं. समजा वाक्य आहे, ‘चुडाव्यात मे महिन्यात खूप…’ आणि गुण मिळाले असे: ऊन ४, उकाडा ३, पाऊस १. (हे गुण मी समजण्यासाठी धरले आहेत.) प्रत्येक शब्दासाठी काढायचं: ई चा घात (गुण ÷ टेम्परेचर). मग बेरीज करून भागायचं. ओळखीचं वाटतंय ना? ऊर्जेच्या जागी गुण आले, वजा चिन्ह गेलं. बाकी सगळं गणित २ सारखंच!

- टेम्परेचर ०.५: ऊन ८७.९ टक्के, उकाडा ११.९, पाऊस ०.२
- टेम्परेचर १: ऊन ७०.५, उकाडा २५.९, पाऊस ३.५ (पूर्णांकनामुळे बेरीज किंचित कमी दिसते)
- टेम्परेचर २: ऊन ५४.७, उकाडा ३३.१, पाऊस १२.२

म्हणजे टेम्परेचर कमी केलं की मॉडेल ठरलेलाच शब्द पकडून बसतं. वाढवलं की कमी शक्यतेच्या शब्दांनाही संधी मिळते. फोन गरम होण्याशी या टेम्परेचरचा काही संबंध नाही बरं का. नाव मात्र थेट भौतिकशास्त्रातून आलंय.

आता खरी मेख. अनेकांना वाटतं, टेम्परेचर कमी म्हणजे उत्तर बरोबर. तसं नाही! मॉडेलने चुकीच्या शब्दालाच जास्त गुण दिले असतील, तर कमी टेम्परेचरला ते तीच चूक दर वेळी ठामपणे सांगेल. सूत्रात शक्यता आहे. ‘खरं-खोटं’ नावाची जागाच नाही.

हे नातं आलं कुठून?

जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये चुंबकांच्या सांख्यिकीय यामिकीवरून स्मृतीचं एक जाळं मांडलं. १९८५ मध्ये जेफ्री हिंटन आणि सहकाऱ्यांनी ‘बोल्ट्झमन मशीन’ आणलं. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना मिळालं, ते याच कामासाठी.

त्याआधी २०२२ मध्ये या विषयातलं मानाचं बोल्ट्झमन पदक हॉपफिल्ड यांच्यासोबत कोणाला मिळालं, माहितीये? आपल्या दीपक धर यांना. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षं होते, नंतर पुण्याच्या आयसरमध्ये आले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. वाळूच्या ढिगाचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे. खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीवर एकेक दाणा टाकत गेलात तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि मधूनच एखाद्या दाण्याने मोठी घसरण होते. अशा ढिगाचं एक सोपं मॉडेल घेऊन त्याच्या अवस्था नेमक्या कशा मोजायच्या, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे पुन्हा मोजणीच!

एआयचं उत्तर तपासा, तीन चाचण्या

गणित एआयने सोडवलं असो की तुम्ही, वहीत उतरवण्याआधी हे पाहा:

१. सगळ्या शक्यतांची बेरीज १ येते का?
२. तापमान शून्याकडे नेलं की सगळे कण सर्वांत खालच्या अवस्थेत जातात का?
३. तापमान खूप वाढवलं की सगळ्या अवस्थांना सारखा वाटा मिळतो का?

उदाहरणार्थ, गणित २ मध्ये कोणी सांगितलं की वरच्या अवस्थेत ६० टक्के कण आहेत, तर आकडेमोड न बघताच चूक पकडता येते. तापमान कितीही वाढवा, वरचा वाटा ५० टक्क्यांपुढे जाऊच शकत नाही.

तुमच्यासाठी एक

तीन अवस्था, ऊर्जा ०, १ आणि २ एकक, आणि केटी = १ एकक. प्रत्येक अवस्थेत किती टक्के कण? उत्तर येतं ६६.५, २४.५ आणि ९.०. आधी स्वतः काढा, मग वाटल्यास एआयला विचारा, आणि त्याच्या उत्तराला वरच्या तिन्ही चाचण्या लावा.