डॉटफाइल्स: तीन मशीन, एकच सेटअप

आज डॉटफाइल्सबद्दल बोलू. टर्मिनल वापरणाऱ्या प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये त्या असतात, फक्त दिसत नाहीत. बॅशआरसी, विमआरसी, गिटकॉन्फिग, सगळ्यांच्या नावाआधी टिंब. गंमत म्हणजे हे लपणं कुणी ठरवून केलेलं नव्हतं, असं रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिलंय. सुरुवातीच्या युनिक्समध्ये 'टिंब' आणि 'टिंब टिंब' या दोन नोंदी यादीत दिसू नयेत म्हणून एलएस कमांड फक्त पहिलं अक्षर तपासायची. त्यात टिंबाने सुरू होणाऱ्या बाकीच्या फाइल्सही लपल्या.

माझ्याकडे ऑफिसचा मॅक, घरचा उबुंटू लॅपटॉप आणि भाड्याचा एक सर्व्हर आहे. अख्खं होम फोल्डर गिटमध्ये टाकायच्या भानगडीत मी पडत नाही. डॉटफाइल्स नावाचं एक फोल्डर, त्यात विम, झेडशेल, गिट अशी उपफोल्डरं, आणि एवढंच गिटमध्ये. मग तिथून ग्नू स्टो चालवायचं. 'स्टो विम' म्हटलं की होममध्ये विमआरसीची सिम्लिंक तयार. त्या जागी आधीच खरी फाइल असेल तर स्टो ती पुसत नाही, तक्रार करून थांबतं. मला ते आवडतं.

खरी कसरत मशीनमधल्या फरकांची. मॅकवरचं सेड आणि लिनक्सवरचं सेड 'डॅश आय' वेगळं समजतात. म्हणून झेडएसएचआरसीमध्ये 'युनेम' विचारायचं: मॅक 'डार्विन' सांगतो, उबुंटू 'लिनक्स'. त्या-त्या मशीनपुरतं काही असेल तर ते वेगळ्या लोकल फाइलमध्ये, गिटच्या बाहेर. ऑफिसचा ईमेल घरच्या कमिटवर जाऊ नये यासाठी गिटमध्येच 'इन्क्लूडइफ' आहे, २०१७ पासून. फोल्डरच्या नावाशेवटचा स्लॅश मात्र विसरू नका, नाहीतर आतल्या रेपोंना ते लागूच होत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. एसएसएच ची प्रायव्हेट की, एपीआय टोकन, पासवर्ड यातलं काहीही या रेपोत नको. रेपो प्रायव्हेट असला तरी नको, कारण प्रत्येक क्लोनबरोबर ते सगळीकडे जातं. टोकन चुकून पुश झालं आणि पुढच्या कमिटमध्ये काढलं, तरी इतिहासात ते तसंच राहतं. गिटइग्नोर नंतर लिहून उपयोग नाही, ट्रॅक झालेल्या फाइलला ते लागत नाही. अशा वेळी आधी टोकन रद्द करायचं, इतिहास साफ करायचं काम मागाहून. सिक्रेट्स सोबत न्यायचीच असतील तर शेमुआ बघा. त्यात ती एन्क्रिप्ट करून ठेवता येतात, आणि प्रत्येक मशीनसाठी टेम्पलेटही मिळतात. तीन मशीनला मला स्टो पुरतं.

सेटअप खरंच चालतो का, हे नवा लॅपटॉप आल्यावर कशाला बघायचं? आज एक कोरा कंटेनर सुरू करा, रेपो क्लोन करा, स्टो चालवा. जे अडेल ते तिथेच कळेल.