ओखल्याचा बाजार

जामिया मिल्लिया इस्लामियाच्या आवारात 1954 साली ‘आग्रा बाजार’ हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं. त्यात जामियाचे विद्यार्थी होते, त्यांचे शिक्षक होते आणि शेजारच्या ओखला गावची माणसंही होती. या नाटकाचं नाव निघालं की त्यातल्या गाण्यांविषयी, गजबजलेल्या बाजाराविषयी आणि नझीर अकबराबादी या विसरल्या गेलेल्या कवीविषयी बोललं जातं. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची पात्रयादी. विद्यापीठातल्या कलेच्या उत्सवात आसपासच्या गावाची जागा कुठली, या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर दिल्लीत नंतर क्वचितच मिळालं.

निमित्त होतं नझीर यांच्या स्मरणदिनाचं. लेखन-दिग्दर्शन हबीब तन्वीर यांचं. रायपूरचा हा तिशीतला तरुण नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन मुंबईला गेला, तिथे रेडिओ, सिनेमा आणि इप्टा या नाट्यसंघात वावरला आणि त्याच वर्षी दिल्लीत आला होता. नझीर हे आग्र्याचे. मुलांना शिकवावं आणि कविता कराव्यात, असं त्यांचं आयुष्य. 1830 साली ते वारले. कविता कशावर? काकडीवर, तिळाच्या लाडवांवर, पतंगांवर, अस्वलाच्या पिल्लावर, होळीवर, दिवाळीवर. उर्दूच्या जाणकारांनी बराच काळ त्यांना पंगतीला बसू दिलं नाही, त्यामुळे त्यांच्या चरित्राचे तपशीलही फारसे उरले नाहीत. तन्वीर यांनी या अडचणीतूनच नाटकाचा घाट काढला : नझीर रंगमंचावर येतच नाहीत. त्यांची कविता तेवढी येते, तीही फकिरांच्या आणि फेरीवाल्यांच्या तोंडून.

बाजारात मंदी आहे. लाडूवाला, कलिंगडवाला, काकडीवाला ओरडून दमलेत, गिऱ्हाईक फिरकत नाही. काकडीवाल्याच्या डोक्यात येतं, आपल्या काकडीवर कुणी चार ओळी करून दिल्या तर गाऊन माल खपवता येईल. रंगमंचाच्या एका अंगाला पुस्तकांचं दुकान आहे, तिथे कवी, टीकाकार, प्रकाशक अशी प्रतिष्ठित मंडळी जमतात. दुसऱ्या अंगाला पतंगांचं दुकान, तिथे नझीरची कविता म्हणणारे रसिक. काकडीवाला बिचारा कवींच्या मागे लागतो आणि ते त्याला झटकून टाकतात. अखेर नझीर त्याला कविता करून देतात, तो ती गात येतो आणि काकड्या हातोहात खपतात. मग बाकीचे फेरीवालेही आपापल्या मालाची कविता मागायला धावतात. गोष्ट एवढीच. पण कविता कुणाची, हा वाद इथे पात्रं घालत बसत नाहीत. दोन दुकानांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसतो. त्या मोकळ्या जागेत खुद्द ओखल्याची माणसं उभी असताना तो किती जिवंत झाला असेल! पुढे हेच नाटक रामलीला मैदानावरही झालं. 1959 मध्ये तन्वीर यांनी ‘नया थिएटर’ काढलं आणि नंतर छत्तीसगढी गावकलावंतांना घेऊन त्यांनी जी रंगभूमी घडवली, तिचं बीज मला या पहिल्या प्रयोगात दिसतं.

असं नाटक जामियात व्हावं यात नवल नव्हतं. असहकाराच्या लाटेत 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढला निघालेली ही संस्था 1925 मध्ये दिल्लीत करोल बागेत आली. ओखल्याच्या जागेत 1 मार्च 1935 रोजी पायाभरणी झाली, तेव्हा पहिला दगड संस्थेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवला गेला. मुहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन हे इथले प्राध्यापक स्वतः नाटकं लिहीत. स्थापनादिनाचा सोहळा इथे ‘तालीमी मेला’ म्हणून भरतो; मुलांच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन, दुकानं, खाणंपिणं, नाटक, मुशायरा असा त्याचा थाट. अभिमत विद्यापीठाचा दर्जा नंतर, 1962 मध्ये मिळाला. उत्सव करायला तो दर्जा लागला नव्हता.

1954 हे वर्षच दिल्लीसाठी विलक्षण होतं. 12 मार्चला साहित्य अकादमीचं उद्घाटन झालं, त्याच महिन्याच्या 29 तारखेला जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं, ऑगस्टमध्ये ललित कला अकादमी सुरू झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही त्याच वर्षी दिल्लीत भरलं. आणि देशभरच्या विद्यापीठांतली मुलं पहिल्या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवासाठी तालकटोऱ्याच्या बागेत जमली. याच तालकटोऱ्यावर 1737 मध्ये बाजीरावाच्या फौजेची मोगलांशी गाठ पडली होती, हे मराठी वाचकाला आठवल्याशिवाय राहणार नाही.

सरकारी आश्रयाचा तो महोत्सव काही वर्षांनी थांबला. 1980 च्या दशकात भारतीय विद्यापीठ संघाने तो पुन्हा उभा केला आणि आज आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजातली मुलं त्याच साच्यात तालमी करतात. एकांकिकेला 30 मिनिटं, प्रहसनाला 10, मूकनाट्याला 5. चित्र काढायला अडीच तास आणि 22 बाय 15 इंचांचा कागद. या शिस्तीने हजारो मुलांना घरातून बाहेर काढलं, परगावी नेलं, रंगमंचावर उभं केलं. तिची किंमत मी कमी लेखणार नाही. पण त्यात चित्रकार एका खोलीत, नट दुसऱ्या सभागृहात आणि समोर परीक्षक. पुण्याच्या फिरोदिया करंडकात चित्र, शिल्प, वाद्य, नाच सगळं एकाच नाट्याच्या ओघात रंगमंचावर घडवावं लागतं, म्हणून तो मला अधिक जवळचा. तरी तिथेही मुलं कॉलेजचीच. ओखला गाव कुठे आहे?

दिल्लीत त्याचं उत्तर पथनाट्याने शोधलं. सफदर हाश्मी दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात इंग्रजी शिकलेले. 1973 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या जन नाट्य मंचाचं ‘मशीन’ हे छोटेखानी नाटक 1978 मध्ये त्याच तालकटोऱ्यात, स्टेडियममध्ये जमलेल्या हजारो कामगारांपुढे झालं. 1988 मध्ये सफदर आणि हबीब तन्वीर यांनी मिळून प्रेमचंदांच्या कथेवरून ‘मोटेराम का सत्याग्रह’ रचलं. 1 जानेवारी 1989 रोजी साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत ‘हल्ला बोल’ चालू असताना हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार मारला गेला. दुसऱ्या दिवशी सफदर गेले. 4 जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलोयश्री हाश्मी आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी जाऊन अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं.

आज दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांत फेब्रुवारी-मार्चमध्ये महोत्सवांचा हंगाम येतो तेव्हा सर्वांत दाट गर्दी नुक्कड नाटकाभोवती असते. एका रंगाचे कुडते, ढोल, डफली, ‘आओ, आओ’ची आरोळी. माइक नाही, प्रकाशयोजना नाही. भिंत, बस, कोर्ट, सगळं मुलांच्या देहांतून उभं राहतं. घसा फोडून केलेली ही मेहनत खरी आहे. मात्र झंडापूरच्या वस्तीत रुजलेला हा प्रकार इथे फाटकाच्या आत, परीक्षकांपुढे खेळला जातो.

फाटकं बंद व्हायला कारणं आहेत आणि ती गंभीर आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये गार्गी कॉलेजच्या आणि मार्च 2023 मध्ये इंद्रप्रस्थ महिला कॉलेजच्या महोत्सवात बाहेरचे पुरुष आत घुसले आणि मुलींना छळ सोसावा लागला. ‘दारं उघडा’ म्हणणाऱ्याने आधी त्या मुलींचं ऐकलं पाहिजे. पण 1954 च्या जामियात ओखल्याचे लोक झुंडीने शिरले नव्हते. ते तालमीला येत होते. पाहुण्याशी किंवा घुसखोराशी आपलं जे नातं असतं, ते सहकलाकाराशी राहत नाही, आणि हे नातं प्रवेशपासांच्या रंगांवरून ठरत नाही, महिनाभर एकत्र राबण्यातून जमतं.

चित्रकलेच्या बाबतीत जामियाने हा धागा निराळ्या रीतीने धरला. पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेले मकबूल फिदा हुसेन यांच्या नावाचं कलादालन आवारात आहे. डिसेंबर 2019 पासून नागरिकत्व कायद्याच्या विरोधातल्या आंदोलनात तर विद्यापीठाची बाहेरची भिंतच चित्रफलक झाली. येणाराजाणारा थांबून पाहत होता. मार्च 2020 मध्ये तिच्यावर पांढरा रंग फिरला.

दिल्लीभोवतालची नवी विद्यापीठं गावांच्या शेतांना लागूनच उभी आहेत : सोनीपतकडे राईजवळ अशोका, दादरीजवळ शिव नाडर. तिथे कलेचे विभाग आहेत, उत्तम सभागृहं आहेत आणि आसपासच्या गावांत रागिणी गाणारे, ‘सांग’ हे लोकनाट्य करणारे लोक आहेत. त्यांना उद्घाटनाला एक तास नाचवून परत पाठवण्याची पद्धत सोडून द्यावी. महोत्सवातलं एक तरी नाटक, एक तरी मांडणशिल्प गावकरी आणि विद्यार्थी मिळून करतील, दोघांची नावं पत्रिकेवर एकाच ओळीत छापली जातील आणि मानधन दोघांनाही मिळेल, एवढं ठरवायला समितीची एक बैठक पुरते. तालमी मात्र ऑगस्टमध्येच सुरू कराव्या लागतील, कारण पिकं कापणीला आली की गावाला वेळ नसतो.