पाट (लाकडी आसन)

*हा लेख बसण्याच्या लाकडी पाटाविषयी आहे. पाण्याचा पाट, पुनर्विवाहाचा पाट आणि कुडाळ तालुक्यातील पाट हे गाव हे स्वतंत्र विषय आहेत.*

पाट हे महाराष्ट्र, गोवा आणि लगतच्या प्रदेशांतील घरांत वापरले जाणारे कमी उंचीचे लाकडी आसन आहे. जेवणाची पंगत, पूजा, मंगलकार्य, अभ्यंगस्नान व औक्षण अशा प्रसंगी त्याचा उपयोग होतो. खुर्ची व जेवणाचे टेबल रूढ झाल्यावर पाटाचा रोजचा वापर कमी झाला. जुन्या घरांतील अनेक पाट आता शोभेची वस्तू किंवा पाय टेकण्याचे आसन म्हणून वापरले जातात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र गणेशोत्सवामुळे पाटाचे स्थान टिकून आहे.

व्युत्पत्ती

'पाट' हा शब्द संस्कृत 'पट्ट' या शब्दापासून आला आहे. पट्ट म्हणजे फळी, आसन किंवा सिंहासन. पट्टराणी आणि पट्टाभिषेक या शब्दांतही हाच अर्थ आहे. जेवणापूर्वी पाट मांडून पाण्याची भांडी ठेवण्याच्या तयारीला 'पाटपाणी घेणे' म्हणतात. विळीचे पाते ज्या फळीवर बसवलेले असते, तिलाही पाट असेच नाव आहे.

रचना

पाट म्हणजे आयताकृती किंवा चौरस फळी आणि तिच्या खाली बसवलेल्या दोन आडव्या पट्ट्या. या पट्ट्यांमुळे फळी जमिनीपासून काही बोटे उंच राहते आणि तिला बाक येत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल मुख्यतः फळीच्या रुंदीच्या दिशेने होते. पट्ट्या खिळ्यांनी घट्ट ठोकल्यास फळीला चीर पडण्याची शक्यता असते. म्हणून चांगला सुतार फळीच्या खालच्या बाजूस खाच पाडून तीत पट्टी सरकवून बसवतो, म्हणजे फळीला हालचालीस वाव राहतो.

पाटासाठी साग, शिसव, आंबा आणि फणस ही लाकडे वापरली जातात. कोकणात फणसाचे लाकूड विशेष प्रचलित आहे. ताजे कापलेले असताना ते पिवळे असते आणि वर्षानुवर्षे हाताळल्यावर गडद तपकिरी होते. काही पाटांवर पितळी फुले किंवा पट्ट्या जडवलेल्या असतात. मंगलकार्यासाठी चांदीच्या पत्र्याने मढवलेले पाटही करतात. चार पाय असलेल्या, पाटापेक्षा उंच चौकोनी आसनाला चौरंग म्हणतात. तो मुख्यतः पूजेसाठी वापरला जातो.

घरगुती व धार्मिक उपयोग

शेणाने सारवलेली जमीन पावसाळ्यात ओलसर व थंड राहते. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात जमिनीपासून थोडे उंच असलेले, धुऊन लगेच वापरता येणारे लाकडी आसन सोयीचे ठरले. मानाच्या पंगतीत बसण्याच्या पाटाखेरीज ताटाखाली दुसरा पाट आणि पाठीशी टेकण्यासाठी तिसरा पाट मांडण्याची पद्धत होती. पाटाभोवती रांगोळी काढली जाई.

नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला व भाऊबीजेच्या ओवाळणीला पाट मांडतात. मुंजीत बटू पाटावर बसतो. विवाहात वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना पाटावर उभे राहतात.

गणपतीचा पाट

कणकवली तालुक्यातील तळेरे परिसरापासून सावंतवाडीपर्यंत, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बहुसंख्य घरांत गणेशचतुर्थीला मातीची मूर्ती पुजली जाते. त्यासाठी घरचा पाट चतुर्थीच्या बऱ्याच आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कार्यशाळेत, नेऊन देण्याची प्रथा आहे. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो, त्यामुळे मूर्तीचा आकार पाटाच्या लांबी-रुंदीवर ठरतो. ओल्या मातीचे वजन पेलण्यासाठी हे पाट जाड फळीचे असतात.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी पाटासह मूर्ती घरी आणतात. विसर्जनानंतर नदीतील किंवा समुद्रकाठची थोडी वाळू किंवा माती पाटावर ठेवून तो घरी परत आणला जातो. मूर्ती दरवर्षी नवी असते, पाट मात्र तोच राहतो. नोकरीसाठी मुंबईत स्थायिक झालेल्या चाकरमान्यांच्या कुटुंबांत गावचे घर वर्षभर बंद असले, तरी हा पाट जपून ठेवला जातो.

सावंतवाडीचे रंगीत पाट

सावंतवाडी येथील चितारी कारागीर लाखेचे रंगकाम करतात. गंजिफा, लाकडी खेळणी व फळे यांच्याबरोबरच पाट आणि चौरंगही येथे रंगवले जातात. वेलबुट्टी, दशावतार आणि देवदेवतांची चित्रे त्यांवर आढळतात. १९७० च्या दशकात सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा व लाखकामाच्या पुनरुज्जीवनास हातभार लावला. हे काम आजही सावंतवाडीच्या राजवाड्यात पाहता येते.

पाट आणि पादपीठ

पाय टेकण्यासाठी असलेल्या आसनाला संस्कृतात पादपीठ म्हणतात. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांत पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धमूर्ती आहेत. त्यांचे पाय पादपीठावर किंवा कमळावर टेकलेले दिसतात. इजिप्तमध्ये १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातही पादपीठे मिळाली. उंच आसन आणि त्याखालचे पादपीठ हे अधिकाराचे चिन्ह होते. युरोपीय घरांत एकोणिसाव्या शतकात भरतकामाच्या कापडाने मढवलेली पादपीठे आरामखुर्चीसमोर ठेवली जात. त्याच शतकात मुंबईत कोरीव शिसवी फर्निचरचा व्यवसाय भरभराटीला आला.

मराठी घरांत बहुतेक लोक जमिनीवर बसत असल्याने स्वतंत्र पादपीठाची गरज फारशी नव्हती. आरामखुर्ची व झोपाळा यांच्याबरोबर जुना पाटच पायाखाली आला. मात्र सर्वच पाट या कामी वापरले जात नाहीत. देवाचा पाट, गणपतीचा पाट आणि बसण्याचे पाट वेगळे ठेवण्याचा प्रघात आहे. देवाच्या पाटाला पाय लावणे अयोग्य मानतात. जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या पाटाचा मूळ उपयोग ठाऊक नसल्याने हा भेद पुसला जातो.

जुन्या पाटाची ओळख

पाटाचा जुनेपणा वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूवरून अधिक चांगला कळतो. हाताने रंधा मारलेल्या पृष्ठभागावर किंचित चढउतार जाणवतात. गोल यांत्रिक करवतीच्या खुणा कमानदार असतात, तर हातकरवतीच्या खुणा सरळ पण असमान असतात. लाकडी खुंट्या व हाताने घडवलेले खिळे सामान्यतः यंत्रावरील गोल खिळे आणि स्क्रू यांच्या आधीचे असतात. खरी झीज बसण्याच्या जागी, कडांवर आणि जमिनीला टेकणाऱ्या भागावर असते. सर्वत्र सारखी दिसणारी झीज मुद्दाम केलेली असू शकते. दुरुस्तीत खिळे बदललेले असू शकतात, म्हणून एका खुणेवरून काळ ठरवता येत नाही.

जतन

दमटपणा, वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगे हे पाटाचे मुख्य शत्रू आहेत. पाट भिंतीपासून दूर, हवेशीर जागी उभा ठेवल्यास बुरशी कमी येते. कोकणात वासे व होड्या टिकवण्यासाठी काजूच्या टरफलाचे तेल लावतात. ते कच्चे असताना त्वचेला लागल्यास फोड येतात, म्हणून बसण्याच्या पाटाला ते लावू नये. साध्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेसा असतो. रंगीत पाट मात्र कोरड्या मऊ कापडाने पुसतात.

जुना पाट तासून किंवा पॉलिश करून नवा केल्यास रंध्याच्या खुणा, वापराची झीज आणि मूळ रंग नष्ट होतात. त्यानंतर तो कोणत्या काळी व कशासाठी वापरला गेला, हे सांगणे कठीण होते. भारतात १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

हे सुद्धा पहा

* चौरंग
* गंजिफा
* कोकणातील गणेशोत्सव
* राजा दिनकर केळकर संग्रहालय