बारावी कुठून करावी?

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडकीड, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या वेळी डॉक्टरकीवर लिहितो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण दहावीचा निकाल लागला की आडसालीच्या नोंदीसाठी बांधावर गेलेल्या आम्हांला पहिला प्रश्न उसाचा येत नाही. "साहेब, पोरीला शहाण्णव टक्के पडले. डॉक्टर व्हायचं म्हणते. नांदेडला टाकू, लातूरला टाकू, का कोट्याला?" असे विचारतात. आम्ही कृषी पदविकावाले, डॉक्टरकीतले आम्हांला काय कळणार? म्हणून दोन-तीन वर्षे आम्ही हसून वेळ मारून नेत होतो. एका सभासदाची गोष्ट पाहिल्यापासून ते सोडले.

पैनगंगेच्या काठचे ते सभासद. नाव सांगत नाही. पाच एकर ऊस, पोरगा हुशार. दहावीनंतर हैदराबादच्या एका निवासी कॉलेजात घातला. दोन वर्षे पैसा ओतला. पोराने निराश केले नाही, 'नीट'मध्ये चांगले गुण घेतले. तेवढ्या गुणांवर आपल्या भागातल्या एका पोराला सरकारी मेडिकलला जागा लागली. याचे नाव मात्र महाराष्ट्राच्या यादीतच आले नाही. बाप फाईल घेऊन गट कार्यालयात आला आणि म्हणाला, "साहेब, सात-बारा इथला, मतदान इथलं, मग पोरगं परकं कसं?"

परके झाले ते बारावीमुळे. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. राज्याच्या कोट्यासाठी नुसता अधिवासाचा दाखला पुरत नाही. दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बोर्ड राज्याचे असो की सीबीएसई, कॉलेज राज्यातले पाहिजे. सैन्यात किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांच्या मुलांना यात काही सवलती आहेत, शेतकऱ्याला नाही. आणि तिकडे तेलंगणात स्थानिक ठरायला बारावीपर्यंतची सलग चार वर्षे तिथे शिकावे लागते. याची दोनच भरली. म्हणजे पोरगा ना इकडचा राहिला, ना तिकडचा झाला.

उरला तो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, एम्ससारख्या केंद्राच्या संस्था आणि अभिमत विद्यापीठे. पहिल्या दोहोंत साऱ्या देशाशी शर्यत. अभिमतची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. एकरी ३५ टन धरा, टनाला ३,००० रुपये धरा, तर पाच एकरांचे सव्वापाच लाख होतात, तेही खत, पाणी, मजुरी वजा न करता. हिशेब कागदावर मांडून आम्हीच गप्प झालो.

आता दुसरी बाजू. गावात अजून एक गोष्ट ठामपणे सांगतात, की पैनगंगा ओलांडून नांदेडला बारावी केली तर विदर्भाची जागा जाते. हे पूर्वी खरे होते. तेव्हा ७०:३० चे सूत्र होते. विदर्भातल्या मेडिकलच्या ७० टक्के जागा विदर्भातून बारावी झालेल्यांना आणि ३० टक्के साऱ्या राज्याला. उमरखेडचा पोरगा नांदेडला शिकला की मराठवाड्यात मोजला जाई. ते सूत्र राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये काढून टाकले. आता नदीच्या अलीकडे शिका की पलीकडे, राज्याची गुणवत्ता यादी एकच. नदी आडवी येत नाही, राज्याची सीमा येते.

कॉलेजच्या नावाचा दबदबा कुठून आला, तेही पाहू. १९९९ साली राज्याची सीईटी सुरू होईपर्यंत मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होता. एकेका गुणावर जागा जाई, म्हणून बारावी घासून घेणाऱ्या कॉलेजांना महत्त्व आले. लातूर पॅटर्नचा बोलबाला तेव्हाचा. आता बारावीत खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के पुरतात. जागा ठरते नीटच्या ७२० गुणांवर, आणि त्यातले निम्मे, ३६०, एकट्या जीवशास्त्राचे. गुणपत्रिकेवर कॉलेज कोणते होते ते प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही. (कोणाचा नातेवाईक अमेरिकेत असेल तर तो कॉलेजच्या नावावर भर देईल. तिकडे आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल अशी रीत आहे. ती आपल्याला लागू नाही.)

मग कॉलेज कोणतेही चालेल का? तसेही नाही. को ८६०३२ चे बेणे कोल्हापुरात लावा की आपल्याकडे, जात तीच, पण पाणी चुकले तर उतारा मिळत नाही. आम्ही पालकांना सांगतो, की इमारत आणि फ्लेक्सवरचे फोटो पाहू नका. ऑगस्टच्या एखाद्या दिवशी न सांगता दुपारी जा. वर्गात मास्तर आहे का, प्रयोगशाळेला कुलूप आहे का, एनसीईआरटीची पुस्तके शिकवतात का, ते पाहा, कारण नीटचे प्रश्न त्यांच्यावरच बेतलेले असतात. काही ठिकाणी नाव कॉलेजात आणि पोरगं क्लासमध्ये, असा धंदा चालतो. सीबीएसईला ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. कागदावरची हजेरी उद्या अंगाशी आली तर भोगायचे पोराला.

कोट्याला जायचेच असेल तर बारावी इथून करून जा. पहिल्या खेपेला कमी पडले आणि पुन्हा बसायचे ठरले, तर त्या एका वर्षाच्या क्लासला राज्याबाहेर गेल्याने कोटा जात नाही. आम्ही त्याला खोडवा म्हणतो. लोक हसतात, पण खोडव्याला लागणीइतकेच खत-पाणी द्यावे लागते आणि तिसरे-चौथे पीक घेत राहणे परवडत नाही, हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको.

आणखी एक सांगायचे, जड मनाने. ऑगस्ट २०२३ मध्ये कोटा जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा हुकूम काढला, कोणी गळफास घेऊ नये म्हणून. सोळा वर्षांचे पोरगं सातशे-आठशे किलोमीटरवर ठेवताना बापाने एकदा त्या पंख्याचा विचार करावा. नांदेड-यवतमाळला ठेवलेले पोरगं शनिवारी एस.टी.ने घरी येते. आईला त्याचा चेहरा दिसतो.

पैशाचेही तसेच. ऊस तुटतो थंडीत, क्लासची फी मागतात जूनमध्ये. त्या वेळी सोसायटीचे पीककर्ज फीला जाते आणि लागणीला हात रिकामा राहतो. असे दोन प्लॉट आम्ही यंदा पाहिले. फी हप्त्याने घेतात का, हे विचारायला लाजू नका.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरताना मुलाजवळ बसा. गणित सोडायची घाई करू नका. मेडिकल हुकले तर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची वाट आहे, आणि ती वाट वाईट नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. राखीव गटातल्यांनी जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच कॉलेजमार्फत पाठवावा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून दाखला हाती येत नाही, आणि त्याविना राखीव जागा हातची जाते.

प्रवेशाचे नियम दर वर्षी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या माहितीपुस्तिकेत छापून येतात. यंदाची पुस्तिका निघाली की तिची प्रत प्रत्येक गट कार्यालयात ठेवू. ज्यांना वाचायला अडचण असेल त्यांनी ऊस नोंदीला येताना मुलालाही बरोबर आणावे, आम्ही बसून वाचून देऊ.