भुंकून काय मिळतं?

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पाणी आणि पार्किंग हे विषय संपले, की हमखास कुणीतरी उठून कुत्र्याचा विषय काढतं. तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा दिवसभर भुंकतो, खालच्या घरात दहावीची मुलगी आहे, वरच्या घरात आजारी आजोबा आहेत. कुत्र्याचे मालकही हतबल झालेले असतात. ‘आम्ही त्याला रागावतो, मारतोसुद्धा, पण तो ऐकतच नाही हो!’ भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भुंकतो म्हणून सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचनांमध्ये मालकांनी, विशेषतः रात्री, कुत्रा शांत ठेवण्याचा होईल तेवढा प्रयत्न करावा असंही म्हटलं आहे. तो प्रयत्न कसा करायचा, इथे गाडं अडतं. मग पुष्कळदा कुत्र्याची रवानगी कुणाच्या तरी शेतावर होते, किंवा एखाद्या रात्री त्याला गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून देतात. घरात वाढलेल्या कुत्र्याचं रस्त्यावर काय होतं, ते सांगायला नको.

शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण ‘शिकणं’ म्हणजे नेमकं काय घडतं, हे ज्या प्रयोगांमधून कळू लागलं, त्यांतले कितीतरी प्रयोग कुत्र्या-मांजरांवरच झाले. शिवाय वर्गातल्या निम्म्या मुलांना कुत्र्यांबद्दल काही ना काही सांगायचं असतं, हा आमचा अनुभव आहे.

आधी भुंकण्याकडेच पाहू. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडगाही भुंकतो, पण क्वचित. धोक्याची सूचना देण्यापुरतं, आणि तेही थोडक्यात. कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. तो पाहुणा आला म्हणून भुंकतो, खेळताना भुंकतो, एकटा पडला तरी भुंकतो. माणसाच्या सोबतीत राहताना हा फरक पडला असावा. सायबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. दर पिढीतले माणसाला कमीत कमी बुजणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. थोड्याच पिढ्यांमध्ये माणूस दिसला की शेपटी हलवणारे आणि लक्ष वेधण्यासाठी कुंईकुंई करणारे कोल्हे जन्मू लागले. निवड केली होती फक्त माणसाळलेपणाची, तिच्या मागोमाग आवाजी वागणूकही बदलली. आपल्या पूर्वजांना राखणीला ठेवलेला प्राणी मुका असून चालणारही नव्हतं. तेव्हा फ्लॅटमधल्या कुत्र्याने अजिबात भुंकू नये ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रश्न आहे तो अति भुंकण्याचा.

सगळं भुंकणं सारखंही नसतं. कॅलिफोर्नियातल्या सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅककॉवन यांनी २००४ साली दहा कुत्र्यांचं ४,६७२ वेळा केलेलं भुंकणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. बेल वाजल्यावरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं आणि कर्कश निघालं. एकटं ठेवल्यावरचं आणि खेळतानाचं भुंकणं वरच्या पट्टीतलं, स्वर असलेलं होतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ साली आणखी गमतीची गोष्ट दाखवली. नुसती ध्वनिफीत ऐकून, कुत्रा कधी पाळलाच नाही अशी माणसंही भुंकण्यामागचा प्रसंग बऱ्यापैकी ओळखू शकतात. म्हणजे कान आपल्याला असतात, आपण ते वापरत नाही इतकंच. (कुत्र्याचे कान मात्र आपल्यापेक्षा तिखट. आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं, त्याला सुमारे ४५,००० पर्यंतचं. ‘उगीचच भुंकतो’ असं म्हणण्यापूर्वी हे आठवावं.)

पोस्टमन दररोज का पळतो?

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या पेटीत कोंडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आतला खटका दाबला की पेटीचं दार उघडे आणि बाहेर खाऊ मिळे. पहिल्या खेपेला मांजर ओरबाडे, चावे, धडपडे आणि त्या गडबडीत कधीतरी खटका दाबला जाई. पुढच्या खेपांना लागणारा वेळ कमी कमी होत गेला. यावरून थॉर्नडाइकने जो नियम मांडला, त्याला आपण ‘परिणामाचा नियम’ म्हणू. एखाद्या कृतीनंतर हवंसं काही घडलं, की ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते.

आता हा नियम घेऊन आपल्या कुत्र्याकडे जाऊ. दुपारी पोस्टमन दारापाशी येतो. कुत्रा भुंकतो. पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. तो जाणारच होता, त्याला अजून दहा इमारती करायच्या आहेत. पण कुत्र्याच्या हिशेबाने काय घडलं? अनोळखी माणूस आला, मी भुंकलो, तो गेला. दुसऱ्या दिवशी तेच. भंगारवाला जातो, कुरिअरवाला जातो, जिन्यातून वर जाणारी माणसंही निघून जातात. शंभर टक्के यश! इतक्या नेमाने बक्षीस आपल्या शाळेत कुठल्या मुलाला मिळत असेल?

आणि मालक काय करतात? आतल्या खोलीतून ‘ए गप! गप म्हणतो ना!’ असं ओरडतात. कुत्र्याला मराठी व्याकरण येत नाही. घरातली माणसंही आता आपल्याबरोबर आवाज करू लागली, एवढंच त्याला कळत असावं.

जेवणाच्या वेळचं भुंकणं याच नियमाने चालतं, फक्त तिथे बक्षीस देणारे आपण असतो. माणसं जेवायला बसली की कुत्रा ताटाशी येऊन भुंकतो. पहिली पाच मिनिटं सगळे दुर्लक्ष करतात. सहाव्या मिनिटाला आजी कंटाळून पोळीचा तुकडा टाकतात. आजींच्या दृष्टीने त्यांनी कुत्र्याला गप्प केलं. कुत्रा मात्र शिकला, की पाच मिनिटं भुंकून भागत नाही, सहा मिनिटं भुंकावं लागतं.

त्यातून तुकडा रोज मिळत नसेल, कधीतरीच मिळत असेल, तर सवय जास्त पक्की होते. हे विचित्र वाटेल, पण बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसलं. फाट्यावर उभं राहून एसटीला हात दाखवणाऱ्या माणसाचा विचार करा. सगळ्या गाड्या थांबत नाहीत. म्हणूनच दोन गाड्या न थांबता गेल्या तरी तो तिसरीला हात दाखवतोच.

मग तुकडा कायमचा बंद केला तर? भुंकणं कमी होईल, पण त्याआधी वाढेल. नळाला पाणी आलं नाही की आपण लगेच निघून जात नाही. तोटी आणखी फिरवतो, पुन्हा बंद करून उघडतो, वर दोन थापाही मारतो. कुत्राही तसंच करतो. तीन-चार दिवस तो पूर्वीपेक्षा जोराने भुंकतो आणि बहुतेक घरं नेमकी याच वेळी हार मानतात. तेव्हा सुरुवात करण्यापूर्वी घरातल्या सर्वांचं, विशेषतः आजींचं, एकमत करावं आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावं. कारण कळलं की शेजारी बरंच सोसतात.

पोस्टमनच्या बाबतीत मात्र दुर्लक्षाचा काही उपयोग नाही. तिथे बक्षीस आपल्या हातात नाहीच. पोस्टमन जाणारच आणि कुत्र्याला ते मिळणारच. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. पहिली अगदी साधी. रस्ता दिसणाऱ्या खिडकीच्या खालच्या भागावर जाड कागद चिकटवायचा, किंवा कुत्र्याची बसायची जागा दारापासून दूर आतल्या बाजूला न्यायची. दुसरी अधिक मेहनतीची आहे. बेल वाजल्यावर भुंकण्याऐवजी त्याने काय करायचं, हे त्याला शिकवायचं.

वर्गात करून पाहा: टाळीचा खेळ

‘काय करायचं’ हे शिकवणं आणि ‘काय करायचं नाही’ हे शिकवणं यांतला फरक समजायला एक खेळ आहे. प्राण्यांना शिकवणारी मंडळी तो आपापसात खेळतात, वर्गात तो फारच रंगतो.

एका मुलाला बाहेर पाठवा. बाकीच्यांनी एक सोपी कृती ठरवायची, समजा खिडकीशी जाऊन तिला हात लावणं. मूल आत आलं की कुणीही बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. ते खिडकीच्या दिशेने वळलं की एक टाळी. पाऊल टाकलं की टाळी. हात उचलला की टाळी. बहुतेक मुलं चटकन खिडकीपर्यंत पोचतात. आता दुसऱ्या मुलाला बाहेर पाठवा आणि नवी कृती ठरवा. या खेपेला टाळी नाही. चुकीचं काही केलं की सगळ्यांनी ‘नाही!’ म्हणायचं. मूल एक पाऊल टाकतं, ‘नाही!’. दुसरीकडे वळतं, ‘नाही!’. थोड्याच वेळात ते एका जागी उभं राहतं. त्याला विचारा, काय वाटलं? ‘काहीच करू नये असं वाटलं’, ‘राग आला’ अशी उत्तरं येतात. (दुसऱ्या फेरीसाठी जरा धीट मूल निवडा, आणि ती फार लांबवू नका.)

‘नाही’मध्ये माहिती फार थोडी असते. न करण्याच्या शंभर गोष्टींपैकी एक कळते, करायची एक कोणती ते कळतच नाही. टाळीच्या वेळेलाही महत्त्व आहे. ती दोन-तीन सेकंद उशिरा वाजली, तर मूल भलतंच काहीतरी बरोबर समजतं. कुत्र्याचंही तसंच. म्हणून शिकवणारे लोक ‘टक’ असा आवाज करणारी डबी वापरतात. आपल्याकडचं खटक्याचं बॉलपेन चालेल. आधी पंधरा-वीस वेळा ‘टक’ आणि लगेच खाऊ, असं करावं. पावलोव यांच्या कुत्र्यांना एखाद्या खुणेनंतर अन्न येतं हे कळलं आणि त्या खुणेनेच लाळ सुटू लागली, तसाच ‘टक’ला खाऊचा अर्थ येतो. मग योग्य कृतीच्या क्षणी ‘टक’ करता येतं, खाऊ हातात यायला दोन क्षण लागले तरी बिघडत नाही.

आता बेल. दारापासून थोडी दूर एक चटई टाका. कुत्रा चटईवर गेला की ‘टक’ आणि खाऊ. हे बेलशिवाय पक्कं होऊ द्या. मग मोबाइलवर मुद्रित केलेला बेलचा आवाज अगदी हळू वाजवा, इतका हळू की तो कान टवकारेल पण भुंकणार नाही. आवाज झाला, चटईवर गेला, खाऊ. काही दिवसांत आवाज थोडा थोडा वाढवत न्या. मध्येच भुंकला तर आपली पायरी मोठी झाली असं समजून एक पायरी खाली या. शेवटी खरी बेल, आणि दाराबाहेर आधी सांगून ठेवलेला ओळखीचा माणूस. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात, पण आठवडे लागतात. खाऊ नखाएवढा असावा. उकडलेली कोंबडी किंवा पनीरचा तुकडा चालतो. द्राक्षं, मनुका, कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात, ती कधीच देऊ नयेत.

एक खाचखळगा मात्र आहे. कुत्रा भुंकल्यावर ‘शांत’ म्हणायचं, गप्प झाला की खाऊ द्यायचा, एवढंच करत राहिलं तर हुशार कुत्रा दोन्ही जोडून टाकतो. आधी भुंकायचं, मग गप्प बसायचं, मग खाऊ! म्हणून तो मुळीच न भुंकता पडून असतो, तेव्हाही त्याला बक्षीस द्यावं. याच वेळी आपलं लक्ष त्याच्याकडे नसतं. वर्गातल्या शांत मुलांचंही असंच होत असावं.

भीती आणि एकटेपण

वरचं सगळं काहीतरी मिळवण्यासाठी भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल झालं. भेदरलेल्या कुत्र्याला हे लागू करू नये. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून भुंकणाऱ्याला आतल्या खोलीत, पडदे ओढून, माणसाजवळ बसू द्यावं. जवळ घेतल्याने भीती ‘लाडावून’ वाढते, हा समज चुकीचा आहे.

घरातले सगळे बाहेर गेल्यावर भुंकणारा कुत्राही पुष्कळदा घाबरलेलाच असतो. शेजारी सांगतात, पण आपल्याला ते दिसत नाही. एखादा जुना मोबाइल मुद्रण चालू करून घरात ठेवला तर कळतं. आपण निघाल्याबरोबर येरझाऱ्या, दार ओरबाडणं, लाळ गाळणं दिसलं, तर तो हट्ट नसून त्रास आहे. अशा कुत्र्याला अर्धं मिनिट, मग एक मिनिट, मग तीन मिनिटं असं एकटं राहायला शिकवावं लागतं आणि पशुवैद्याची मदतही घ्यावी लागते.

बाजारात भुंकल्यावर विजेचा झटका देणारे गळपट्टे मिळतात. वेल्समध्ये २०१० सालापासून झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी आहे. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ओरडून, हिसके देऊन किंवा झटक्याने शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि लाळेतलं कॉर्टिसॉल प्रशिक्षणानंतर अधिक वाढलेलं आढळलं. आम्हाला याहून मोठा धोका वेगळाच वाटतो. गुरगुरणं आणि भुंकणं ही कुत्र्याची आगाऊ सूचना असते, ‘जवळ येऊ नको’ अशी. मारून ती सूचना बंद करता येते. भीती मात्र तशीच राहते, आणि मग एखाद्या दिवशी घरातल्या लहान मुलाला कुत्रा सूचना न देता चावतो. लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’

मुलांना घरच्या कुत्र्याची नोंदवही ठेवायला सांगता येईल. किती वाजता भुंकला, त्याआधी काय झालं, नंतर त्याला काय मिळालं, असे तीन रकाने आखून आठ दिवस नोंदी कराव्यात. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यांच्या नोंदी खिडकीतूनच घ्याव्यात, जवळ जाऊ नये. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लगेच दवाखान्यात जायचं, हे त्याच तासाला सांगून टाकावं. एरवी शांत असलेला म्हातारा कुत्रा रात्री-अपरात्री भुंकू लागल्याची नोंद कुणी आणली, तर त्याला खाऊ किंवा चटईचा उपाय सांगू नये. त्या कुत्र्याला दुखत असेल, दिसेनासं-ऐकू येईनासं झालं असेल किंवा वयामुळे गोंधळायला होत असेल, म्हणून आधी त्याला पशुवैद्याकडे न्यायला सांगावं.